शहरातलं १२ एकर माळरान: झाडं लावायची नाहीत, मग नेमकं करायचं काय?

पठारावरची

आमच्या वसाहतीला लागून पठाराचा साधारण १२ एकरांचा तुकडा शिल्लक आहे. जागा महापालिकेची, विकास आराखड्यात 'उद्यान' असं आरक्षण. मधल्या ५ एकरांवर नांगर किंवा जेसीबी कधीच फिरलेला नाही. पावसाळा सरताना तिथे गुडघाभर गवत असतं, चंडोल आणि माळटिटव्या दिसतात. रस्त्याच्या अंगाला लोकांनी राडारोडा टाकलाय, त्यावर गाजर गवत माजलंय. उताराच्या बाजूला जुन्या वनीकरणातली सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया आहे, आणि सुबाभळीची रोपं आता वर गवतात शिरायला लागली आहेत. दर उन्हाळ्यात एकदा तरी वणवा लागतो.

रविवारी यायला वीसेक जण तयार आहेत. एका कंपनीने २००० रोपं आणि ठिबक द्यायची तयारी दाखवली आहे, पालिकेचे लोकही त्यावर खूश आहेत. या चर्चामंचावरच्या जुन्या चर्चांमध्ये माळावर झाडं लावू नका असं सगळेच सांगतात, ते पटतं. पण मग वीस माणसांनी करायचं काय? सुरुवात कुठून? बी कुठून आणायचं, किती लागतं? वणव्याचं काय? आणि त्या कंपनीला काय सांगू?

मुरमाड

सुरुवात राडारोड्यापासून करू नका. सगळे तीच करतात, कारण घाण तिथे दिसते. दोन वर्षं तिथेच खपतात आणि तोवर मधलं चांगलं गवत सुबाभळीखाली जातं.

उलट क्रम लावा. सर्वात चांगला तुकडा आधी सांभाळायचा आणि तिथून बाहेरच्या दिशेने सरकायचं. सिडनीतल्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी तिथल्या रानासाठी हीच रीत बसवली. 'ब्रॅडली पद्धत' म्हणून ती ओळखली जाते. तिचे नियम तीनच: चांगल्याकडून वाईटाकडे जा, माती कमीत कमी हलवा, आणि देशी झाडोरा जेवढ्या वेगाने मोकळी जागा भरून काढतो तेवढ्याच वेगाने तण काढा. तिसरा नियम लोक मोडतात. वीस उत्साही माणसं एका सकाळी अर्धा एकर साफ करतात, उघड्या मुरमावर पहिल्या सरीला पुन्हा गाजर गवत उगवतं, ते आधीपेक्षा दाट असतं.

म्हणून आधी नकाशा. उपग्रहाच्या चित्रावर २०×२० मीटरचे चौकोन आखा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकेक चौकोन चालून बघा. देशी गवत तीन चतुर्थांशाहून जास्त असेल तर 'अ', मिसळ असेल तर 'ब', तण किंवा राडारोडाच असेल तर 'क'. पहिल्या वर्षी कामाचा बहुतेक वेळ 'अ' मध्ये आणि 'अ'ला लागून असलेल्या 'ब' मध्ये. 'क' मध्ये एवढंच बघायचं की तण बियांवर जाणार नाही.

खड्ड्यांबद्दल. पठारावर माती वीतभर, काही ठिकाणी चार बोटं, खाली मुरूम आणि मग बसाल्ट. दोन फुटी खड्डा खणला की खालचा मुरूम वर येतो आणि त्या उघड्या ढिगावर तण आधी पोचतं. २००० खड्डे म्हणजे तणाला २००० दारं. शिवाय काळी मुसळी, दीपकाडी असली कंदवर्गीय झाडं वर्षातले बरेच महिने जमिनीखाली असतात. मार्चमध्ये खड्डे मारणाऱ्याला 'इथे काहीच नाही' असं वाटतं ते यामुळेच. सलग समतल चरांचीही (उताराला आडवे खणलेले लांब चर) तीच गत. 'पाणी मुरेल' या नावाखाली पुढच्या वर्षी तो प्रस्ताव येईल, तयार राहा.

ठिबक, शेणखत, पालापाचोळ्याचं आच्छादन, यातलं काहीही नको. आपली गवतं गरीब मातीत टिकतात. खत दिलं की फायदा तणाला जास्त होतो.

कुसळ

मुरमाड यांच्याशी सहमत. तणांचं सांगतो.

गाजर गवत: मृगाच्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी त्याची पानं जमिनीसरशी चक्रासारखी पसरलेली दिसतात. काढायची वेळ तीच. माती ओली असताना खुरप्याचं टोक मुळाशी तिरकं घालून सोटमुळासकट उपटायचं. नुसतं वरून तोडलं तर बुडख्यातून फुटतं आणि चार फुटव्यांनी फुलतं. एका पावसाळ्यात एकदा उपटून भागत नाही. जून ते ऑक्टोबर त्याच जागी दर तीन आठवड्यांनी फेरी हवी, कारण बी एका दमात उगवत नाही. एकेका झाडाला हजारोंनी बी धरतं, १५ हजारांच्या पुढेही जातं, आणि ते मातीत काही वर्षं जिवंत राहतं. पांढरी फुलं आली असतील तर उपटून तिथेच टाकू नका, गोणीत भरून बाहेर काढा. कंपोस्टमध्ये नाही.

हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क सक्तीचे. अंगावर पुरळ किंवा दमा असलेल्यांना हे काम देऊच नका, त्यांना मोजणीला लावा.

मिठाचं द्रावण फवारा असं कुणीतरी सुचवेलच. रस्त्याच्या कडेला चालत असेल, माळावर नको. मीठ तण आणि गवत असा भेद करत नाही, आणि उथळ मुरमातल्या खारटपणाचा त्रास नंतर पेरलेल्या बियांना होतो. पानांवर पिवळट, काळ्या रेघांचे छोटे भुंगेरे दिसले तर ते मेक्सिकन भुंगेरे, झायगोग्रामा. १९८४ मध्ये गाजर गवतासाठीच ते भारतात आणले. त्यांना मारू नका. पण त्यांच्यावर विसंबूनही राहू नका. त्यांची संख्या वाढेपर्यंत पहिल्या खेपेचं गाजर गवत फुलून गेलेलं असतं.

सुबाभूळ: गुडघ्यापर्यंतची रोपं जुलै-ऑगस्टमध्ये हाताने निघतात. सरळ वर ओढायचं, झटका द्यायचा नाही. मूळ मानेशी तुटलं की तीन महिन्यांत तिथेच झुडूप. मोठ्या झाडांचं काम वेगळं आहे, आणि त्याला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा नागरी क्षेत्रातला झाडांचा कायदा विदेशी झाडालाही लागू होतो, 'हे तर तण आहे' म्हणून सुटका नाही. परवानगी मिळाली की शेंगा पिकायच्या आत तोडा, बुंधा जमिनीलगत ठेवा, आणि उरलेल्या खुंटाची साल जमिनीखाली बोटभर जाईपर्यंत सोलून काढा. तरीही फुटवे येतात. पावसाळाभर दर तीन-चार आठवड्यांनी ते कोवळे असतानाच खुडायचे. दोन पावसाळे हे नेमाने केलं तर खुंट दमतो, मध्ये खंड पडला की सगळं पहिल्यापासून.

खुंटावर ब्रशने तणनाशक लावायची पद्धत जगभर आहे, पण कापल्यावर काही मिनिटांतच लावलं तर ते आत जातं, आणि ते प्रशिक्षित माणसाचं काम. रविवारच्या गटाने त्यात पडू नये. फवारणी तर कुठल्याच परिस्थितीत नको.

अख्खा उतार एका वर्षात मोकळा करू नका. सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया दोन्ही हवेतला नत्र मातीत आणतात, त्यांच्याखालची माती माळापेक्षा सकस झालेली असते. तिथे एकदम ऊन पाडलं तर गवत नाही, गाजर गवत येतं. गवताच्या कडेकडून वर्षाला १०-१५ मीटरचा पट्टा घ्या, खालचा पाला दाताळ्याने ओढून बाहेर काढा, पेरा, आणि तो पट्टा भरला की पुढचा.

घाणेरी असेल तर वरून छाटू नका. मातीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर, खोड संपून मूळ सुरू होतं तिथे कुदळीने मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही.

पठारावरची

खूप आभार. घाणेरी आहे, कुंपणाच्या कडेला. 'क' मधला राडारोडा मग तसाच ठेवायचा? आणि बियांचं कुणी सांगाल का? एका रोपवाटिकेवाल्याने 'गवताचं बी' म्हणून स्टायलो देऊ केलंय.

गवत्या

स्टायलो गवत नाहीच, ते दक्षिण अमेरिकेकडचं शेंगवर्गीय चारापीक आहे. घेऊ नका. फुले मारवेलसारखे चाऱ्याचे सुधारित वाणही नकोत. ते बांधावर उत्तम, पण तुमच्या पठारावरच्या देशी मारवेल गवतात मिसळले की पुन्हा वेगळे काढता येत नाहीत.

बी तुमच्याकडेच आहे, त्या मधल्या ५ एकरांत. आधी गवतं ओळखायला शिका. मारवेलच्या कांड्यावर पेराशी पांढऱ्या केसांचं कडं असतं, आणि टोकाला बोटांसारख्या पसरलेल्या जांभळट कणसांचा पंजा. पवन्याचं कणीस एकेकटं, चंदेरी. डोंगरीचा फुलोरा मोकळा, त्यात सोनेरी-तपकिरी केस. कुसळीला लांब काळपट कुसळं, पिकली की एकमेकांत पीळ घालून गुंता करतात.

गोळा करायची वेळ ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, पण तारखेपेक्षा बोटांवर भरवसा ठेवा. कणीस चिमटीत धरून वर ओढल्यावर दाणे सहज हातात आले तर पिकलं; ओढावं लागलं तर आठवड्याने परत या. चार दिवस उशीर झाला तर सगळं गळून गेलेलं असतं. सकाळचं दव सुकल्यावरच काढा. एका तुकड्यातलं पाचव्या हिश्शाहून जास्त बी घेऊ नका, आणि एकाच कोपऱ्यातल्या टपोऱ्या कणसांवर तुटून पडू नका, सगळ्या बाजूंनी थोडं थोडं घ्या.

गोळा केलेल्यात फोलपटं फार असतात. फोलपटासकट शंभर बिया नखाने सोलून आत दाणा कितींत आहे ते मोजा. बी सावलीत पातळ पसरून आठवडाभर सुकवा, कापडी पिशवीत भरा, पिशवीवर जात, तारीख आणि चौकोनाचा क्रमांक लिहा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. ताजं बी लगेच पेरू नका, यातल्या बहुतेक गवतांच्या बियांना सुप्तावस्था असते, म्हणजे काही महिने त्या उगवत नाहीत. जूनपर्यंत ठेवल्यावर ती सुटते. मे महिन्यात ओल्या कापडावर १०० दाणे ठेवून तीन आठवडे बघा. ४० उगवले तर छान, २० च्या खाली असतील तर पेरणीचं प्रमाण दुप्पट. दोन-तीन वर्षं साठवून ठेवायचं हे बी नव्हे, पुढच्या पावसाळ्यातच वापरा.

प्रमाण: चाऱ्याच्या शिफारशीत हेक्टरी ५-६ किलो म्हणतात, म्हणजे चौरस मीटरला अर्धा ग्रॅम. ते साफ केलेल्या बियांचं आणि नांगरलेल्या जमिनीचं. हाताने गोळा केलेल्या, फोलपटासकट बियांसाठी चौरस मीटरला २ ते ३ ग्रॅम धरा. म्हणजे ५०० चौरस मीटरच्या पट्ट्याला सव्वा किलोच्या आसपास. दुसऱ्या दमदार पावसानंतर, आधी उगवलेलं तण खुरपून मग पेरायचं. पहिल्या पावसात पेरलं की बी आणि तण एकदम येतं आणि लहानपणी दोन्ही सारखीच दिसतात. दाताळ्याने वरची बोटभर माती नुसती खरवडा. बी चौपट ओलसर चाळलेल्या मातीत मिसळून अर्धं उभं, अर्धं आडवं फेका, म्हणजे पट्टे पडत नाहीत. वर माती अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त नको, पायाने हलकं दाबा. कुसळीला तेवढंही लागत नाही. तिचं कुसळ ओल लागली की पीळ सोडतं, सुकलं की पुन्हा घेतं आणि दाण्याला मातीत घुसवतं. पण कुसळीचं बी मुद्दाम पेरूच नका, ती न बोलावता येते.

मुंग्या बी पळवतात हे लोकांना उशिरा कळतं. वारूळ जवळ असेल तर बी, शेण, चिकणमाती आणि वाळू १:१:३:१ या प्रमाणात मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा आणि सावलीत वाळवा.

मारवेलला बियांपेक्षा ठोंब बरे. जुलैत दाट बेट खणून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा, पानं वीतभर ठेवून छाटा, मुळं चार बोटं, आणि ५०×५० सेंटिमीटरवर लावा. चौरस मीटरला चार बसतात. एका बेटातले निम्मेच ठोंब घ्या.

राडारोडा जानेवारी ते मे, जमीन कोरडी असताना काढा. गाडी रस्त्यावरच उभी राहू दे. वरचा ढीग यंत्राने चालेल, शेवटची वीतभर फावडं-घमेल्याने, नाहीतर यंत्राचं बकेट मूळ मातीही खरवडून नेतं. जेसीबी दुसऱ्या साइटवरून येत असेल तर टायर धुऊनच आत घ्या, चिखलातून गाजर गवताचं बी येतं.

टिटवी_टिटवी

वणवा आणि कापणी या दोन गोष्टी एकत्र बघा. तीन-चार वर्षं काहीच कापलं नाही तर जुनं वाळलेलं गवत करड्या गादीसारखं बुडाशी साचतं, नव्या फुटव्यांना ऊन मिळत नाही, आणि वणव्याला सरपण तयार. म्हणून दरवर्षी एक तृतीयांश कापा. बी गळून गेल्यावर, नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, जमिनीपासून ८-१० सेंटिमीटर उंचीवर. कापलेलं सगळं बाहेर न्या, आजूबाजूचे गुराखी आनंदाने नेतात. पुढच्या वर्षी उरलेल्यातला दुसरा एक तृतीयांश हिस्सा. टिटवीला आखूड जागा लागते, लावे-तित्तरांना उंच गवत, दोघांचंही भागतं. मार्च ते जुलै मधल्या चांगल्या गवतात कापणी, खरवडणं, गर्दी सगळं बंद. जमिनीवरची अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, जानेवारीअखेर तयार हवी. वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, तुमचाही तोच धरा. वसाहतीच्या भिंतीलगत आणि रस्त्यालगत ४-५ मीटरचा पट्टा अगदी आखूड कापून गवत उचलायचं. खणायचं किंवा जाळायचं नाही. याचा दुसरा फायदा असा की साप आणि 'जंगल माजलंय' या दोन तक्रारी निम्म्यावर येतात. नेटका कापलेला पट्टा आणि एक फलक दिसला की लोकांना कळतं, कुणीतरी इथे लक्ष देतंय. आग लागलीच तर आधी १०१, मग ओल्या फांद्यांचे झोडपे घेऊन बाजूने, जळून गेलेल्या भागाकडून. उताराच्या वरच्या अंगाला कुणी उभं राहायचं नाही.

भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायची जागा माळाच्या कडेला असेल तर ती वसाहतीच्या आत हलवा. त्या लोकांशी भांडू नका, जागा शोधून द्या.

रानवेडा

पण थोडी आग चांगली असते ना? जगभर गवताळ रानं मुद्दाम जाळतात. आणि बसायला सावलीची पाच-दहा झाडं लावली तर काय बिघडतं?

टिटवी_टिटवी

जाळतात, पण ठरवून, तुकड्यातुकड्याने, वारा आणि आर्द्रता बघून, पाण्याचा टँकर शेजारी ठेवून. इकडे लागते ती एप्रिलमधली सिगारेटची आग, ती एका दुपारी सगळे १२ एकर खाते. शहराच्या मध्ये परवानगीही मिळणार नाही. कापून गवत बाहेर काढल्याने बरंचसं तेच साधतं.

झाडांचं: उंच झाड म्हणजे कावळे आणि घारींना टेहळणीची जागा. माळटिटवी अशा झाडापासून लांबच घरटं करते. आपोआप आलेली हिवर, बोर असतील तर राहू द्या, ती माळाचीच आहेत. सावली कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला.

मुरमाड

कंपनीचं आणि कागदांचं राहिलं. कंपनीला नाही म्हणू नका, दुसरं काम द्या: राडारोड्याच्या गाड्या, जाळरेषेची मजुरी, दाताळी-खुरपी-हातमोजे, उन्हाळ्यात चार महिने एक राखणदार, फलक. त्यांना फोटो आणि आकडा हवा असतो. 'इतकी रोपं' ऐवजी 'इतके चौरस मीटर' हा आकडा द्या. रोपं लावायचीच असतील तर वसाहतीच्या रस्त्यांवर लावू देत.

'उद्यान' आरक्षणाने इमारत टळते, पण लॉन, कारंजं आणि फरसबंदीला दार उघडंच राहतं. उद्यान विभागाला दोन पानांचा आराखडा द्या: नकाशा, गवतांची यादी, कापणीचं वेळापत्रक, आणि 'खणणे, सिंचन, वृक्षारोपण नाही' हे स्पष्ट वाक्य. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार पालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. लोक जैवविविधता नोंदवहीत या माळाची नोंद करून घ्या. उद्या कुणी 'इथे काही नव्हतं' म्हणालं तर कागद तुमच्या बाजूने असेल. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली राज्य सरकार जैविक वारसा स्थळ जाहीर करू शकतं. पुण्याच्या गणेशखिंड उद्यानाला २०२० मध्ये तो दर्जा मिळाला, म्हणजे शहरातल्या जागेलाही मिळतो. पण तिथवर जायला हाताशी तीन-चार वर्षांच्या नोंदी हव्यात.

पठारावरची

नोंदी कशा ठेवायच्या? आमच्यात वनस्पतिशास्त्राचं कुणी नाही.

गवत्या

गरज नाही. माळावर तीन सरळ रेषा ठरवा, दोन्ही टोकांना दगडावर रंग द्या. दर दुसऱ्या पावलाला बुटाच्या टोकाशी जे लागेल ते लिहायचं: पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी, इतर देशी, तण, उघडी माती, दगड. तिन्ही रेषा मिळून २०० ठिपके झाले की दोनने भागा, टक्केवारी तयार. वर्षातून एकदा, गवत फुलोऱ्यावर असताना. एरवी पवन्या आणि कुसळी वेगळी ओळखणं नवख्याला जमत नाही. शक्यतो तीच दोन माणसं दरवर्षी.

आकड्यांत बघायचं हे की पवन्या-मारवेल वाढतंय की कुसळी. चराई किंवा आग जास्त झाली की आधी पवन्या-मारवेल हटतात आणि कुसळी पुढे येते, त्याहून बिघडलं की ॲरिस्टिडासारखी खुरटी गवतं. कुसळी सलग दोन वर्षं वाढली तर बी पेरत बसू नका, आधी गुरं कुठून आणि कधी शिरतात ते शोधा. बी गळायच्या आधी शिरत असतील तर गुराख्यांशी बोलून डिसेंबरनंतरची वेळ ठरवा. वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेली शेळ्या-गुरं मात्र तेव्हाही आत नकोत, शेणा-लेंड्यांतून तिचं बी सगळीकडे पडतं.